वेढ्यात घेतलेले शेत

अभ्यासपाठ : आशा आणि सृष्टी
वाचन : यिर्मया, अध्याय ३२ (घरी सावकाश वाचावा)



महाराष्ट्र विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी, शनिवारी लागला. दुसऱ्या दिवशी ख्रिस्तराजाचा सण होता. मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक कॉलेजचा मुलगा मागे थांबला. निवडणुकीपूर्वी त्याने आणि त्याच्या मित्रांनी उमेदवारांसाठी चार प्रश्न लिहून काढले होते : नदीतील वाळू, महापूर, डोंगरफोड आणि सह्याद्रीचे संरक्षण. सभांना जाऊन त्यांनी ते कागद दिलेही होते. उत्तर कोणाकडूनच आले नाही. कोण जिंकले आणि कोण हरले याचे त्याला फारसे दुःख नव्हते. आपला प्रश्न कोणाच्याच गावी नाही, याचे होते.

"फादर, पुढच्या रविवारी बंधाऱ्याला मी येत नाही," तो म्हणाला. "वर डोंगर फुटतोय, खाली नदी चोरीला जातेय, आणि आपण ओढ्यात पोती टाकतोय. काय उपयोग?"

आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "देवावर भरवसा ठेव, बाळा." तो मान हलवून निघून गेला. वाक्य खोटे नव्हते, पण आम्ही ते घाईने बोललो होतो. खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्या मनातही तोच प्रश्न होता. आजचा पाठ म्हणजे त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

१. दुःखाला कारण आहे

आधी हे मान्य करू की त्या मुलाची निराशा हवेतून आलेली नाही. २००५ चा महापूर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसे वाचवायला निघालेली बोट उलटली आणि कित्येक घरांतील माणसे गेली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर घरांवर आला. त्याच पावसात सांगलीत पुन्हा पाणी शिरले. भिंतीवरची पुराची खूण पुसण्याआधी दुसरी खूण उमटली.

तज्ज्ञांनी बोलायचे ते बोलून ठेवले होते. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला दिला. सगळा घाट नाजूक आहे, कोठे काय करू द्यायचे हे ठरवताना ग्रामसभेपासून सुरुवात करा, असे त्यांचे म्हणणे होते. ते फार कडक आहे असा गलका झाला. मग डॉ. कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये घाटाच्या सुमारे ३७ टक्के भागालाच संरक्षण सुचवले. त्यावरही २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे, म्हणजे केरळात वायनाडला दरडींखाली गावे गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. आपल्याकडे मतदान झाले तोवर अंतिम अधिसूचना निघालेली नव्हती. दरम्यान सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' या गिरिस्थानाची योजना मात्र पुढे सरकत होती. रोजगार येईल म्हणून काहींना ती हवी आहे, डोंगर आणि पाणी जाईल म्हणून काहींना तिची भीती वाटते. एवढा मोठा निर्णय दारात उभा असताना प्रचारात त्यावर नीट बोलणे झाले नाही, ही त्या मुलाची तक्रार रास्तच होती.

म्हणून कोणी निराश झाला तर त्याला अश्रद्ध म्हणू नये. ज्याचे प्रेम असते त्यालाच वाईट वाटते.

२. आशा कशाला म्हणावे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांची एक मांडणी आम्ही पाठ केली होती. तिचा अर्थ कळायला पुढे बरीच वर्षे लागली. संत थॉमस म्हणतात त्याचा सारांश असा : आशा ज्या गोष्टीची धरायची ती चांगली असते, अजून यायची असते, मिळवायला अवघड असते आणि तरीही शक्य असते. चारांपैकी एक जरी काढले तरी आशा उरत नाही. सहज मिळणाऱ्या गोष्टीची कोणी आशा धरत नाही. उद्या सूर्य उगवेल अशी 'आशा' आपण करत नाही.

आशेविरुद्ध दोन पापे आहेत असेही ते शिकवतात. एक निराशा : 'आता काही होणे शक्यच नाही.' दुसरे फाजील भरवसा : 'देव बघून घेईल, आपल्याला काही करायला नको.' एक रडते, दुसरे हसते, पण दोघींचे हात रिकामेच असतात. त्या रविवारी तो मुलगा पहिल्या चुकीच्या उंबऱ्यावर उभा होता. आणि आमचे घाईचे उत्तर दुसरीच्या उंबऱ्यावर होते.

निवडणुकीनंतरच्या निराशेत आणखी एक गोष्ट दडलेली असते. आपण नकळत सगळी आशा एका दिवसावर आणि एका बोटावरच्या शाईवर ठेवलेली असते. राज्यकर्त्यांवर अंतिम भरवसा टाकू नका, असे स्तोत्रसंहिता (स्तोत्र १४६) आपल्याला बजावते. याचा अर्थ मतदान करू नये असा नाही. मत देणे हे कर्तव्यच आहे. पण मत हे पेरणीतील एक मूठ बियाणे आहे, सगळे पीक नव्हे.

३. यिर्मयाचा व्यवहार

आता वाचनाकडे वळू. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे. शहर पडणार हे यिर्मया उघड सांगतो, म्हणून सिद्कीया राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. शहराबाहेर शत्रूचे तळ पडले असताना त्या शेताला कोण विचारणार? शहाण्या माणसाने हसून पाठ फिरवली असती.

यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो. खरेदीखत लिहितो, मोहोर लावतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. ते खत बारुखच्या हाती देऊन मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकेल. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असा परमेश्वराचा शब्द त्याच्याजवळ असतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, यिर्मया खोटा दिलासा देत नाही. 'काही होणार नाही, शहर वाचेल' असे सांगणारे संदेष्टे त्या काळी पुष्कळ होते. शहर पडले. दुसरी, तो नुसता भाकीत करून थांबत नाही, पदरचे पैसे मोजतो. तिसरी, व्यवहार झाल्यावर तो प्रार्थनेत देवाला विचारतो, शहर शत्रूच्या हाती जात असताना मला हे शेत का घ्यायला लावलेस? म्हणजे शंका संपल्यावर त्याने खत लिहिले नाही. आधी लिहिले, शंका नंतर देवापुढे ठेवली. आपल्याकडेही नदीकाठचे एखादे कुटुंब तीन पूर सोसून उंचावर राहायला जाते. त्याने आशा सोडली असे समजू नये. सत्य ओळखून नवी जागा धरणे हाही यिर्मयाचाच व्यवहार आहे.

४. आपल्या मातीतील खरेदीखत

असे व्यवहार आपल्याच जिल्ह्यांत झाले आहेत. १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातील अनेक कामगार गावी परतले. गावात दुष्काळ होता. येरळा नदीतील वाळू उपसली जात होती आणि नदी आटत होती. मुक्ती संघर्ष चळवळीत लोक एकत्र आले. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर स्वतः धरण बांधायचे ठरवले. वाळूचे ठेके बाहेरच्यांना जाऊ न देता, मोजकी वाळू विकून त्यांनी पैसा उभा केला. श्रमदान केले, सरकारी अडथळे सोसले. बळीराजा स्मृती धरण असे उभे राहिले. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या हिशेबाने वाटायचे आणि भूमिहीनांनाही हक्क द्यायचा, असे त्यांनी ठरवले. कोणत्याही जाहीरनाम्यात ते धरण नव्हते.

साताऱ्यात कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ च्या उन्हाळ्यात ४५ दिवस कुदळ-फावडी चालवली आणि पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. बक्षीस त्यांनी मिळवलेच, पण त्याआधी सगळे गाव एका डोंगरावर चढले, हे मोठे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सृष्टीविषयी जे विश्वपत्र लिहिले, त्याचे 'लाउदातो सी' हे नाव असिसीकर संत फ्रान्सिसच्या सृष्टिगीतातून घेतले आहे. ते गीत संताने सुखात रचलेले नाही. १२२५ च्या सुमारास तो आजारी होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. ज्या सूर्याचा उजेड त्याच्या डोळ्यांना सोसवत नव्हता त्याला त्याने भाऊ म्हटले.

५. आपण काय करावे?

निवडणूक पाच वर्षांनी येते, ग्रामसभा वर्षातून अनेकदा भरते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला आपल्या गावी असाल तर जा, प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. एखाद्या आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. २००२ च्या कायद्याप्रमाणे गावोगावी जैवविविधता समिती आणि नोंदवही असायची असते. ती आहे का, तिच्यात काय लिहिले आहे, हे पाहा. हीच आपली खरेदीखते, मडक्यात ठेवण्याजोगी.

आणि ज्याला एवढे जमत नाही त्याने एक पोते भरावे.

तो मुलगा पुढच्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, बंधाऱ्यावर आला नाही. आम्ही अकराजण होतो. त्यानंतरच्या रविवारी तो आला. काही बोलला नाही. दाभण आणि सुतळी घेऊन पोत्यांची तोंडे शिवायला बसला. आम्हीही काही बोललो नाही. वनराई बंधारा फेब्रुवारीपर्यंत टिकला आणि पावसाळ्यात वाहून गेला. तो जातोच. दरवर्षी पुन्हा घालायचा असतो.

घरी व समूहसभेत चर्चेसाठी

१. निराशा आणि फाजील भरवसा, यांपैकी आपल्या घरात काय जास्त बोलले जाते?
२. यिर्मयाला शेत घेताना शंका होती. शंका असतानाही आपण केलेले एखादे चांगले काम आठवा.
३. आपल्या गावच्या किंवा प्रभागाच्या पाण्याचा, डोंगराचा कोणता प्रश्न आपण या वर्षी लेखी मांडू शकतो?

प्रार्थना

हे प्रभो, कृष्णा-कोयनेचे पाणी आणि सह्याद्रीची माती तुझी आहे. आम्हांला खोट्या दिलाशापासून वाचव आणि हात गाळून बसण्यापासूनही वाचव. आमच्या मुलांचे प्रश्न ऐकण्याचा धीर आम्हांला दे, आणि फळ दिसले नाही तरी पेरत राहण्याचे बळ दे. आमेन.