प्रदर्शन पाहायला किती पडतात? सोलापूरकरांसाठी हिशेब

सोलापुरात संग्रहालय किंवा प्रदर्शन पाहायचे तर खरा खर्च तिकिटाचा नसतो, रिक्षाचा असतो. तरी घरात बेत ठरला की पहिला प्रश्न येतो तो तिकीट किती हाच. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहे. भारतीयांना सध्या रोखीने २५ रुपये पडतात, मोबाइलवरून भरले तर २०. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. आई-वडील, आजी आणि दोन शाळकरी मुले गेली तर मोबाइलवर ६०, रोखीने ७५. साधे फोटो काढायला पैसे नाहीत. परदेशी पाहुण्याला मात्र ३०० रुपये लागतात. अमेरिकेतला भाचा सुट्टीवर आला असेल तर त्याचे ओसीआय कार्ड बरोबर घ्यायला सांगा. ते दाखवले की त्याला भारतीयांचाच दर लागू होतो. कार्ड घरी राहिले की एका तिकिटात आख्ख्या घराचा खर्च जातो.

१८१८ मध्ये इंग्रजांनी जिंकलेल्या या कोटाची दुहेरी तटबंदी, खंदक, बत्तीस खांबी वास्तू आणि तटावरून दिसणारा सिद्धेश्वर तलाव, हे सगळे पाहायला दीड-दोन तास पुरतात. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनी आणि १९ नोव्हेंबरला वारसा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी खाते सहसा तिकीट माफ करते. माझे ऐकाल तर एप्रिलची माफी सोडून द्या. त्या उन्हात वाचलेले वीस रुपये बाहेर आल्या आल्या रसाच्या गुऱ्हाळावर जातात, वर आणखी वीस. नोव्हेंबरचा दिवस साधा.

विज्ञान केंद्राचा हिशेब वेगळा. २०१० मध्ये सुरू झालेले हे केंद्र राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने उभारलेल्या केंद्रांपैकी एक. ते आहे केगावला, हिरज रस्त्यावर, विद्यापीठाच्या बाजूला, म्हणजे गावाबाहेर. इथे रिक्षा तिकिटाला मागे टाकते. जाताना एकेरी भाडे ठरवले तर येताना वाहन शोधत उन्हात उभे राहावे लागते. जाऊन-येऊन आणि दोन-अडीच तास थांबण्यासकट भाडे आधीच बोलून घ्या, जमले तर शेजारच्या घरातली मुलेही सोबत घ्या आणि भाडे वाटून घ्या. विज्ञान केंद्रांत प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि तारामंडल, थ्रीडी अशा खेळांचे वेगळे, हा सगळीकडचा रिवाज आहे. मुले आत गेल्यावर ‘ते पण बघू’ म्हणणारच, म्हणून खिडकीवरच सगळ्याचे मिळून किती होतात ते विचारावे आणि खेळांच्या वेळा लिहून घ्याव्यात. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांचे पत्र आधी पाठवून गटासाठी सवलत आहे का ते पाहावे. एसटीही शैक्षणिक सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते. विज्ञानाची खास प्रदर्शने बहुधा २८ फेब्रुवारीच्या, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास लागतात. पुढच्या वर्षाचा बेत आखताना ही तारीख धरून चाला.

भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक रेल्वे स्टेशनपासून जवळ आहे, तेव्हा रिक्षाचा भार नाही. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक, सोलापूरचे. १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच वारले. शहरातले एकच ठिकाण निवडा म्हणाल तर मी हे निवडेन. मुलांना नेण्याआधी घरी व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ दाखवला तर स्मारकातल्या फोटोंपुढे ती थांबतात, नाहीतर पाच मिनिटांत बाहेर. १० ऑक्टोबर हा कोटणीसांचा जन्मदिवस, तो धरून गेलात तर उत्तम.

गावाबाहेर जायचे असेल तर एसटीची सवलत हिशेबाचे चित्रच बदलते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे, ७५ च्या वर फुकट. अक्कलकोटला राजवाड्यातले शस्त्रागार पाहायला जाणाऱ्या घरात आई, आजी, मावशी असतील तर गाडीभाडे जवळजवळ अर्ध्यावर येते. दुपारचे जेवणही अन्नछत्रात महाप्रसाद म्हणून विनामूल्य होते. विजापूरला मात्र फसू नका. महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. तिथे रेल्वेच स्वस्त. गोलघुमटाचा दर भुईकोटाइतकाच आहे, नगारखान्यातल्या संग्रहालयाचे तिकीट त्याहून कमी, पण ते शुक्रवारी बंद असते.

आता मोठा खर्च. परदेशांतून आणलेल्या मूर्ती, नामवंत चित्रकारांची मोठी प्रदर्शने सोलापूरला क्वचितच येतात. त्यासाठी मुंबई गाठावी लागते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालय, त्याच आवारातली जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (एनजीएमए) ही तिन्ही एका दिवसात पायी होतात. जहांगीरला प्रवेश मोफत, एनजीएमएला भारतीयांना २० रुपये. वस्तू संग्रहालयाचे तिकीट तिन्हींत महाग. खास प्रदर्शन त्यातच धरलेले असते की त्याचे वेगळे पैसे पडतात, हे निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर पाहावे.

गाडी निवडताना लोक वंदे भारतला भुलतात. ती सकाळी सहाला निघून साडेबाराच्या पुढे मुंबईत टेकते आणि दुपारी चारच्या सुमारास परत फिरते. त्याच दिवशी परतायचे तर हातात जेमतेम तीन तास राहतात, आणि खुर्चीचे एकेरी भाडे हजाराच्या वर. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते, रात्री परत उचलते. स्लीपरचे भाडे तीनशेच्या आसपास. पाच जणांचे जाणे-येणे सिद्धेश्वरने तीन हजारांच्या आसपास, वंदे भारतने दहा हजारांच्या पुढे. हॉटेलचाही प्रश्न मिटतो. आजींना रेल्वेत पूर्ण भाडे पडेल, कारण ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर त्याचेही पूर्ण तिकीट लागते. रात्रीच्या प्रवासात तो घ्यावाच. आणि रविवारी रात्री निघू नका. सोमवारी एनजीएमए बंद असते.