तापमान दुप्पट, मग दाब का नाही?

प्रश्न : मी बारावीत आहे. बंद डब्यातल्या हवेचं तापमान २७ अंश सेल्सिअसवरून ५४ वर नेलं, तर दाब दुप्पट व्हायला हवा ना? पुस्तकातलं उत्तर भलतंच आहे.
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सूत्र तुला येतंय, घोळ सेल्सिअसचा आहे. त्यातलं शून्य म्हणजे नुसता बर्फ वितळायचा बिंदू. तापमानाचा खरा तळ त्याच्याही २७३ अंश खाली. म्हणून २७३ मिळव : ३०० आणि ३२७ केल्विन. दाब वाढला जेमतेम ९ टक्के! पाणी तापवायच्या गणितात मात्र तापमानातला फरकच लागतो, तिथे २७३ मिळवत बसू नकोस. (हीही चूक वर्गात हमखास होते.) टायरचं गणित आलं तर जरा जपून. हवा भरताना काटा दाखवतो तो वातावरणाच्या दाबाहून जास्तीचा दाब. वातावरणाचा आधी त्यात मिळवायचा, मगच सूत्रात घालायचा.