कालचक्रातले 'अखेरचे' युद्ध : रॉबर्ट जॉर्डन यांच्या कादंबरीमालेतील सुष्ट-दुष्ट संघर्ष

१

सुष्ट आणि दुष्ट शक्तींमधील अखेरचे युद्ध ही कल्पना मुळात एकरेषीय काळाची आहे. काळाला आरंभ आणि शेवट आहे असे गृहीत धरले, म्हणजेच त्या शेवटापाशी एक निर्णायक रणांगण उभे करता येते. जरथुष्ट्री परंपरेतील सृष्टीच्या अंतिम शुद्धीकरणाची कल्पना किंवा मराठी बायबलच्या वाचकांना 'हर्मगिदोन' या नावाने परिचित असलेले 'प्रकटीकरण' या ग्रंथातील रणक्षेत्र ही त्याची ठळक उदाहरणे होत. चक्राकार काळात मात्र 'अखेरचे' हे विशेषणच अडचणीत येते. वनपर्वात मार्कंडेय कल्कीचे आख्यान सांगतात, परंतु त्यात युद्धवर्णनाला जवळजवळ स्थान नाही. दस्यूंचा संहार होतो आणि पुन्हा कृतयुग सुरू होते, एवढेच. उलट ज्या युद्धाचे वर्णन महाभारतकारांनी अठरा दिवसांच्या तपशिलाने केले, त्याच्या पाठोपाठ सुयुग येत नाही. येते ते कलियुग. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) या ग्रंथात महाभारताकडे एका युगाच्या समाप्तीचे दर्शन म्हणून पाहिले, ते या दृष्टीने मार्मिक आहे. आपल्या परंपरेने युगान्त मानला, पण युद्धाने दुष्टाचा कायमचा निकाल लागतो असे मानले नाही.

मग चक्राकार काळ आणि अखेरचे युद्ध या दोन कल्पना एकाच संहितेत नांदू लागल्या, तर त्या युद्धाला कोणता अर्थ उरतो? या प्रश्नाचा विचार अमेरिकन कादंबरीकार रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या चौदा खंडांच्या कादंबरीमालेच्या आधारे प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. पहिला खंड 'द आय ऑफ द वर्ल्ड' १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाले तेव्हा अकरा खंड प्रसिद्ध झाले होते. उरलेले तीन खंड त्यांची टिपणे व लिहून ठेवलेला मजकूर हाताशी घेऊन ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केले, आणि 'अ मेमरी ऑफ लाइट' हा शेवटचा खंड २०१३ मध्ये आला.

अशा ग्रंथांचा विचार वाङ्मयीन नियतकालिकात कशाला, अशी शंका येणे शक्य आहे. १८६१ च्या 'मुक्तामाला'पासून सुरू झालेल्या कादंबरीपरंपरेला आपण 'अद्भुतरम्य' हे नाव दिले आणि पुढे वास्तववादाची प्रतिष्ठा वाढत गेली तसतशी त्या नावाला निर्भर्त्सनेची छटा येत गेली. अद्भुत म्हणजे पलायन, हे समीकरण आपल्या अध्यापनात इतके मुरले आहे की अद्भुताच्या आश्रयाने कोणी गंभीर तात्त्विक प्रश्न हाताळला, तर तो ओळखण्याची साधनेच आपल्यापाशी राहत नाहीत.

२

या कादंबरीमालेतील जग उद्ध्वस्त झालेले आहे, आणि ते एकदा नव्हे, अनेकदा. पहिल्याच खंडात एक भटका कथेकरी खेड्यातल्या पोरांना आपल्या पोतडीतल्या कथांची यादी ऐकवतो. तीत जगाला वळसा घालून जाईल असा अग्नीचा भाला बाळगणारा 'मोस्क' नावाचा राक्षस आहे; 'अद्भुत इंड'ची माता म्हणवली जाणारी 'मातेरेस' नावाची रोगहारिणी आहे; अग्नीच्या गरुडाच्या पोटात बसून चंद्रावर जाणारा वीर आहे. मॉस्को आणि त्याची क्षेपणास्त्रे, मदर तेरेसा आणि भारत, अंतराळवीर ही सगळी मंडळी वाचक क्षणात ओळखतो. पात्रांना मात्र त्यातले काहीही ठाऊक नाही. आपलेच विसावे शतक तेथे जत्रेतल्या गोष्टीइतके उरले आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली त्या वर्षी सोव्हिएत संघ अस्तित्वात होता, हे लक्षात घेतले म्हणजे या एवढ्याशा यादीला केवढी धार आहे ते कळते.

कथानकाच्या दृष्टीने महत्त्वाचा विध्वंस त्यानंतरच्या युगातला. विद्या व जादू यांच्या बळावर समृद्ध झालेल्या त्या युगात काही संशोधकांना शक्तीचा एक नवा, स्त्री-पुरुष दोघांनाही वापरता येईल असा स्रोत जाणवतो. तो गाठण्यासाठी ते विश्वाच्या पोतालाच छिद्र पाडतात, आणि त्या छिद्रापलीकडे असतो सृष्टीच्या आरंभापासून कोंडलेला तमोराज. त्याचे 'शायतान' हे नाव आपल्या कानाला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. हे छिद्र कोणी दुष्टाव्याने पाडलेले नाही. ते ज्ञानाच्या हव्यासाने पडले आहे. जॉर्डन भौतिकशास्त्राचे पदवीधर होते, व्हिएतनाम युद्धात त्यांनी हेलिकॉप्टरवर बंदूक चालवली होती आणि नंतर अमेरिकन नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केले होते. चरित्रावरून कलाकृतीचा अर्थ लावण्याची सवय फारशी हितावह नसते. तरीही येथे हे तपशील दृष्टीआड करता येत नाहीत.

छिद्र बुजवण्यासाठी ल्यूज थेरिन आणि त्याचे साथीदार जी मोहीम काढतात तिच्यात स्त्रिया नसतात, कारण योजनेविषयी मतभेद होऊन स्त्रियांनी साथ नाकारलेली असते. छिद्र कसेबसे बुजते, पण तमोराजाच्या प्रतिघाताने शक्तीचा 'सैदीन' हा पुरुषभाग विटाळतो. तो वापरणारे पुरुष वेडे होतात, पर्वत उलथवतात, समुद्र सरकवतात. ल्यूज थेरिन स्वतःच्या बायकामुलांना ठार करतो आणि शुद्धीवर येताच स्वतःलाही संपवतो. म्हणजे जगाचा नाश केला तो प्रत्यक्ष तमोराजाने नव्हे, त्याच्यावर विजय मिळवणाऱ्यांनी. त्यानंतर तीन हजारांहून अधिक वर्षांनी मूळ कथा सुरू होते, ती ल्यूज थेरिनचाच पुनर्जन्म असलेल्या रँड अल्‌थॉर या मेंढपाळाच्या मुलापासून.

चौथ्या खंडातील (१९९२) रुईडियन नगरीचा प्रसंग सगळ्या मालेतील सर्वांत समर्थ प्रसंग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आयील ही वाळवंटातील लढवय्यी जमात. तिच्या नायकपदाच्या उमेदवाराला काचेच्या स्तंभांच्या वनातून चालावे लागते. प्रत्येक पावलागणिक तो आपल्या अधिकाधिक जुन्या पूर्वजाच्या डोळ्यांनी पाहू लागतो. इतिहास असा उलटा उलगडत जातो आणि अखेरीस उमगते की भाल्यावर जगणाऱ्या या जमातीचे पूर्वज संपूर्ण अहिंसेचे व्रत घेतलेले सेवक होते. मधल्या एका टप्प्यावर, पळवून नेलेल्या बहिणीला सोडवताना एक तरुण माणसे मारतो. परत आल्यावर आई त्याला मुलगा मानायला तयार होत नाही, आणि तो धुळीपासून रक्षण करणाऱ्या फडक्याने तोंड झाकून घेतो. मारण्यापूर्वी चेहरा झाकण्याचा आयीलांचा शतकानुशतकांचा रिवाज वाचकाने आधीच्या खंडांत एक रानटी ऐट म्हणून पाहिलेला असतो. त्याचे मूळ लाजेत होते, हे येथे कळते. काही उमेदवारांना हे सत्य सोसत नाही. त्यांना वेड लागते. अद्भुताच्या साहाय्याने इतिहासाची चिकित्सा कशी करता येते याचा हा नमुना आहे, आणि मालेचा शेवट जो प्रश्न विचारतो त्याची तयारीही येथेच होते.

३

या विश्वात सात युगांचे चक्र अखंड फिरते, माणसे पुन्हा जन्मतात आणि तमोराजाशी झुंज पुन्हा पुन्हा होते. या एकाच सिद्धांतातून दोन पात्रे परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात. मालेचा गाभा मला येथे दिसतो.

पहिले पात्र इशामेल, पुढे मोरिडिन या नावाने पुन्हा देह धारण करणारा. पूर्वीच्या युगात तो तत्त्वज्ञ होता. त्याचा तर्क निर्दोष आहे : झुंज अनंत वेळा व्हायची असेल, तर प्रकाशाला प्रत्येक वेळी जिंकावे लागेल, तमोराजाला मात्र एकदाच. मग त्याचा विजय अटळ आहे, आणि जे अटळ आहे त्याच्या बाजूला जाणे हेच शहाणपण. सत्तेचा वा सुखाचा लोभ त्याला नाही; त्याला हवे आहे ते केवळ संपणे. भारतीय वाचकाला येथे भवचक्राचा कंटाळा आणि मुक्तीची ओढ आठवल्याशिवाय राहणार नाही. पण भेद महत्त्वाचा आहे. मुमुक्षू स्वतः चक्राबाहेर पडू पाहतो, चक्र इतरांसाठी फिरत राहते. मोरिडिनला चक्रच मोडून हवे आहे.

दुसरे पात्र स्वतः नायक. बाराव्या खंडाच्या (२००९) शेवटी रँड ज्या पर्वताच्या माथ्यावर उभा राहतो तो ल्यूज थेरिनच्या मृत्यूतून निर्माण झालेला असतो. तोवर रँडही मोरिडिनच्याच निष्कर्षापर्यंत पोचलेला असतो : पुन्हा पुन्हा जन्मून पुन्हा पुन्हा तीच हत्या आणि तेच दुःख भोगायचे असेल, तर हे सगळे संपवलेलेच बरे. तेवढी शक्ती त्याच्या हातात असते. तो थांबतो ते एका साध्या विचाराने : पुन्हा जन्म म्हणजे पुन्हा प्रेम करण्याची, मागच्या वेळी जे बिघडले ते या वेळी नीट करण्याची संधी. संतसंगतीसाठी मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवास मागणारे तुकाराम मराठी वाचकाला येथे आठवावेत, हे स्वाभाविक आहे. प्रभावाचा प्रश्न नाही. पुनर्जन्माकडे शिक्षा म्हणून न पाहता देणगी म्हणून पाहण्याची वाट दोन अगदी वेगळ्या ठिकाणी सापडली, एवढेच म्हणावयाचे आहे. त्यामुळे अखेरचे युद्ध रणांगणावर सुरू होण्यापूर्वीच, एका मनात, अर्धेअधिक लढून झालेले असते.

४

प्रत्यक्ष युद्ध 'अ मेमरी ऑफ लाइट'मध्ये येते. 'द लास्ट बॅटल' हे त्यातील एकच प्रकरण दोनशेच्या आसपास पृष्ठांचे आहे. मधल्या काही खंडांतील, विशेषतः दहाव्यातील, रेंगाळलेपण ज्याने सोसले असेल त्याला हा वेग सुखावणारा आहे. युद्धाच्या सगळ्या फेऱ्यांचा परामर्श येथे घेण्याचे कारण नाही. दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. प्रकाशाच्या बाजूच्या चार थोर सेनापतींना शत्रू ठार करीत नाही. स्वप्नांत शिरून त्यांच्या बुद्धीला तो किंचित ढळवतो, आणि त्यांच्या उत्तम योजनांत छोट्या छोट्या चुका शिरू लागतात. दुष्टाचे इतके घरगुती, इतके खरे रूप या प्रकारच्या वाङ्मयात क्वचितच आढळते. दुसरी गोष्ट 'बेलफायर' या अस्त्राची. ते माणसाला केवळ मारत नाही. मृत्यूपूर्वी त्याने केलेल्या कृतीही पुसून टाकते. कार्यकारणभावच त्याने फाटतो. म्हणूनच जुन्या युद्धात दोन्ही पक्षांनी कोणताही करार न करता ते वापरणे थांबवलेले असते. अण्वस्त्रांच्या छायेत वाढलेल्या पिढीच्या लेखकाचे हे चिंतन आहे, हे वेगळे सांगावयास नको.

रँड आणि तमोराज यांची झुंज रणांगणापासून दूर, काळाबाहेर होते, आणि ती शस्त्रांनी होत नाही. दोघे एकमेकांना संभाव्य जगे दाखवतात. तमोराज प्रथम सर्वनाश दाखवतो. मग त्याहून भयंकर असे एक जग दाखवतो, जे वरून सुस्थितीत आहे, परंतु माणसांतली करुणा व सदसद्विवेक नाहीसा झालेला आहे आणि तो नाहीसा झाल्याचे कोणाला जाणवतही नाही. उत्तरादाखल रँड तमोराजच नसलेले जग रचतो. तेथे दुःख नाही, गुन्हा नाही. पण आपल्या प्रिय एलेनच्या डोळ्यांत पाहताच त्याला कळते की तेथेही कोणी उरलेले नाही. वाईट करण्याची शक्यताच काढून घेतल्यावर चांगले करणारा माणूसही नाहीसा होतो. करुणेविना असलेले जग आणि दुष्टतेविना असलेले जग ही दोन्ही सारखीच पोकळ ठरतात.

म्हणून नायक तमोराजाला मारण्याची संधी हातात असताना मारत नाही. तो त्याला पुन्हा कोंडतो. मात्र या वेळी मागची चूक टाळली जाते : बांध घालताना पुरुषशक्ती आणि स्त्रीशक्ती दोन्ही वापरल्या जातात, आणि विटाळापासून बचाव व्हावा म्हणून मोरिडिनमार्फत मिळालेली तमोराजाची स्वतःची शक्तीही. अखेरच्या युद्धाचे फलित दुष्टाचा नाश हे नसून दुष्टाची मर्यादा पूर्ववत करणे हे आहे. निबंधाच्या आरंभी उपस्थित केलेल्या पेचाला जॉर्डन यांनी दिलेले उत्तर ते हेच. 'अखेरचे' हे विशेषण त्या त्या पिढीपुरते खरे असते. चक्राच्या दृष्टीने तो एक फेरा असतो.

५

या उत्तराला एक गंभीर छेद संहितेतच आहे. निवडीचे स्वातंत्र्य हे जर माणुसकीचे लक्षण, तर रणांगणावर लाखोंनी कापल्या जाणाऱ्या ट्रॉलॉकांचे काय? माणूस आणि पशू यांच्या बीजसंकरातून एका शास्त्रज्ञाने पूर्वीच्या युगात घडवलेली ही सैन्यजात. त्यांना निवड कधी मिळालीच नाही. त्यांच्या मरणाचा विषाद कोणालाही वाटत नाही, निवेदकालाही नाही. रँड काळाबाहेर ज्या तत्त्वासाठी तमोराजाला जिवंत ठेवतो, ते तत्त्व खालच्या मैदानात कोणाच्या गावीही नसते. महाभारताने ही सोय स्वतःला दिली नाही. तेथे शत्रुपक्षात आजोबा, गुरू आणि भाऊ आहेत, आणि युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व आहे. गांधारीच्या दृष्टीने रणभूमी पाहावी लागते. आधुनिक अद्भुतकथेने ही दृष्टी टाळण्यासाठीच जणू बिनचेहऱ्याचा शत्रू निर्माण केला, असे म्हणावेसे वाटते.

याला अपवाद म्हणावा असा एकच धागा आहे, आणि तो अपुरा सोडला आहे. शारा या दूर देशाचे मानवी सैन्य तमोराजाच्या बाजूने उतरते, पण त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांचा नायक डेमांड्रेड हा भाकितांनी सांगितलेला त्राता असतो. म्हणजे समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही सैन्यांपाशी भाकीत आहे, आणि त्यावर विश्वासही. या साम्यातून जे नाट्य उभे राहू शकले असते ते मुख्य संहितेत फार थोडे दिसते.

छेद असूनही, विजयानंतरचा विचार मालेने सोडलेला नाही, ही तिची जमेची बाजू. तेराव्या खंडात (२०१०) आयील स्त्री अव्हिएंडा त्याच काचेच्या स्तंभांतून जाते तेव्हा तिला पूर्वज नव्हे, वंशज दिसतात. दूरच्या भविष्याकडून वर्तमानाकडे येत ती पाहते की युद्ध जिंकल्यानंतर तिच्या लोकांनी भालाच हाती धरून ठेवला आणि काही पिढ्यांत ते उकिरडे चिवडणाऱ्या भणंगांच्या दशेला गेले. त्यामुळे रँड युद्धापूर्वीच सर्व राष्ट्रांकडून शांततेचा करार मागतो, तेव्हा ती त्यात आयीलांना रक्षकाचे, लवादाचे काम मिळवून घेते. महाभारतात कृष्णशिष्टाई युद्ध टाळण्यासाठी होते व निष्फळ ठरते. येथे तह होतो तो युद्धानंतरच्या दिवसांसाठी. करार लिहिला जातो, शिक्के उमटतात. अव्हिएंडाने पाहिलेले भविष्य त्याने टळते की नाही, ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.