टायरमधील हवा आणि लांबचा प्रवास

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर, सपाट भागात, मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. वैशाखातील उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर हा वेग तासभर टिकला की टायरची खरी कसोटी लागते.

टायर फुटण्याचे कारण पुष्कळदा जादा हवा नसून कमी हवा हे असते. हवा कमी असली म्हणजे टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात दबतात व पूर्ववत होतात. त्यामुळे रबर आतून तापते, थर सुटू लागतात आणि अखेर टायर फाटतो. म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला घातकच होय.

दाब टायर थंड असताना, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर मोजावा. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर असतो; टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा. स्टेपनीचे स्मरण मात्र बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच होते!

खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर येण्यापूर्वीच टायर बदलावा. नव्याचा आकार, भारक्षमता व वेगचिन्ह वाहन-उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे असावे. बाजूवरील चार अंकही वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातील निर्मिती. दोनच टायर घ्यावयाचे झाल्यास ते मागील चाकांना बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी आवरणे फार कठीण जाते.