गोळीचे नाव आणि गोळीचे काम

औषध शरीरात गेल्यावर कोठे पोहोचते, तेथे काय घडवते आणि शरीर त्याची विल्हेवाट कशी लावते, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला औषधशास्त्र म्हणतात. ते सगळे प्रत्येकाने शिकावे अशी अपेक्षा नसली, तरी रोज जी गोळी घ्यायची तिचे काम काय, एवढे घेणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे. कोळगाव ते बोईसर या पट्ट्यात तर ही अपेक्षा अधिकच रास्त आहे, कारण तारापूर औद्योगिक वसाहतीतील काही कारखान्यांत औषधांचे मूळ द्रव्य, म्हणजे कामगार ज्याला ‘बल्क ड्रग’ म्हणतात ते, तयार होते. तरीही घरात गोळी ओळखली जाते ती बहुधा रंगावरूनच, पांढरी तापाची आणि गुलाबी बीपीची.

वाचकांनी घरातील गोळ्यांची पट्टी उजेडात धरून पाहावी. ठळक अक्षरांतील नाव कंपनीने ठेवलेले असते, तर मूळ औषधाचे नाव आणि त्याचे मिलिग्रॅममधील प्रमाण अनेकदा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते, आणि वाचायचे असते ते हेच. तापाच्या अनेक गोळ्यांत ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, सर्दीच्या अनेक गोळ्यांत तेच असते आणि ‘मेडिकल’मधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळीतही वेदनाशामकाच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असू शकते, म्हणजे तीन नावांच्या तीन गोळ्या घेणारा माणूस एकच औषध तीनदा घेत असू शकतो. निरोगी प्रौढाने चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये, आणि नियमित दारू पिणाऱ्याची किंवा यकृताचा आजार असलेल्याची मर्यादा त्याहून कमी असते. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि यकृतातील ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली की हा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते, आणि उतारा म्हणून दिले जाणारे अ‍ॅसिटिलसिस्टीन मात्र पहिल्या आठ तासांत सर्वांत परिणामकारक ठरते. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचे कळताच, त्रास होत नसला तरी, रुग्णालय गाठावे.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होऊ देत नाहीत. सूज आणि वेदना वाढवणारे हेच द्रव्य जठराच्या आतील आवरणाचे रक्षण करते आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठाही सांभाळते, त्यामुळे गुडघ्याची वेदना थांबवणारी गोळी त्याच कृतीने जठरात व्रण पाडू शकते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकते. औषधाचा गुण आणि त्याचा अपाय बहुतेक वेळा असे एकाच मुळातून येतात, आणि हे एकदा नीट उमगले की औषधशास्त्राचा मोठा भाग सोपा होतो. बॉयलरजवळ दिवसभर घाम गाळणारा कामगार किंवा भर उन्हात होडीवर असणारा सातपाटीचा मच्छीमार यांच्या शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते. त्यातच असा माणूस रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आणि रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखे औषध घेत असेल, तर वरून वेदनाशामक घेणे त्याच्या मूत्रपिंडाला फार महाग पडू शकते.

मधुमेहाच्या गोळ्यांतही कामाचा भेद आहे. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते आणि एकटे घेतले असता साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरवत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग माणूस जेवलेला असो वा नसो. तिसऱ्या पाळीला जाण्याच्या घाईत ज्याने गोळी घेतली आणि डबा तसाच ठेवला, त्याला घाम, थरथर आणि गोंधळलेपण जाणवले तर साखर उतरल्याचे ओळखून, तो शुद्धीवर असताना लगेच साखरपाणी द्यावे. गोळ्यांच्या वेळा पाळीनुसार कशा बदलायच्या, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

औषधाची कृती जाणल्याने काय साधते, याचा मोठा पुरावा कोकणातच आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात आणि थकलेल्या हृदयामुळे फुप्फुसांत पाणी साचते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे ओळखून प्राझोसिन वापरले. ते मुळात रक्तदाबाचे औषध असून रक्तवाहिन्यांवरील अल्फा नावाचे ग्राही, म्हणजे ही द्रव्ये जेथे जाऊन बसतात त्या जागा, अडवून ठेवते. हे काम १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि ज्या दंशाने कोकणात घरेच्या घरे शोकात बुडत, तो वेळेवर उपचार मिळाल्यास आटोक्यात येऊ लागला. याच कृतीमुळे प्राझोसिनच्या पहिल्या गोळीनंतर एकदम उभे राहिल्यास भोवळ येते, म्हणून रुग्णाला झोपवून ठेवतात.

पालघरच्या जंगलपट्टीत हिवतापानंतर दिल्या जाणाऱ्या प्रायमाक्विनबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून बसतात आणि ते मारण्यासाठी ही गोळी १४ दिवस घ्यावी लागते, म्हणून ताप गेला तरी ती मध्येच सोडू नये. मात्र तांबड्या पेशींना सांभाळणारे जी-सिक्स-पीडी हे विकर ज्यांच्यात जन्मतः कमी असते, आणि काही आदिवासी समाजांत हे प्रमाण अधिक आढळते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू शकतात. गोळी सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा चालताना धाप लागू लागली, तर पुढची गोळी घेऊ नये आणि उरलेली पट्टी सोबत घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.