जुगार, चिठ्ठी आणि दान : ख्रिस्ती शेजाऱ्यांची भूमिका व आपली जबाबदारी

अहिल्यानगर जिल्ह्यात मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्पिढ्या शेजारी राहत आली आहेत. आपली मुले मिशनच्या शाळांत शिकली. नाताळात शेजारून फराळाचे ताट येते आणि ईदला आपल्या घरचा शिरखुर्मा तिकडे जातो. अशा घरोब्यात कधीतरी एक प्रश्न उभा राहतो. गरीब मुलांच्या मदतनिधीसाठी सोडत काढायची असते, आणि आपले मूल पन्नास रुपयांच्या कुपनांचे पुस्तक घेऊन घरी येते. बक्षीस मिक्सरचे किंवा सायकलीचे असते. हेतू तर चांगलाच आहे. मग कुपन घ्यावे की न घ्यावे? आणि न घेतल्यास शेजाऱ्याला काय सांगावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या धर्माची शिकवण नीट समजून घेणे जितके आवश्यक आहे, तितकेच ख्रिस्ती बांधवांची जुगाराविषयीची भूमिका जाणून घेणेही आवश्यक आहे. ग्रंथधारकांशी संवाद करावा तो उत्तम रीतीनेच, असा आदेश सूरह अन्कबूत (२९:४६) मध्ये आहे. दुसऱ्याचे म्हणणे ठाऊक नसताना उत्तम संवाद घडत नाही.

मैसिर म्हणजे काय?

कुरआनने जुगारासाठी ‘मैसिर’ हा शब्द वापरला आहे. सहज, कष्टाविना हाती येणाऱ्या धनाचा अर्थ त्यात आहे. इस्लामपूर्व अरबांची पद्धत अशी : उंट कापून त्याचे वाटे करीत आणि दहा बाण एका पिशवीत घालीत. सात बाणांवर हिस्से ठरलेले असत, तीन कोरे असत. ज्यांच्या नावाने कोरे बाण निघत, त्यांना उंटाची किंमत भरावी लागे. जिंकणारे ते मांस पुष्कळदा गोरगरिबांत वाटून टाकीत आणि या औदार्याचा अभिमान मिरवीत. जो या खेळात सामील होत नसे, त्याला कंजूष म्हणून हिणवले जाई.

म्हणजे अरबांचा हा जुगार एका अर्थाने ‘धर्मादाय’ही होता. सूरह बकरा (२:२१९) मध्ये मद्य व जुगार यांत लोकांसाठी काही लाभ आहेत हे मान्य केले आहे. परंतु त्यांतील पाप लाभापेक्षा मोठे आहे, हेही तेथेच स्पष्ट केले आहे. पुढे सूरह माइदा (५:९०-९१) मध्ये अंतिम निषेध आला. जुगार हे सैतानाचे अमंगळ काम ठरले आणि त्याची कारणेही सांगितली गेली : त्यातून आपसांत वैर व द्वेष निर्माण होतो आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून दूर जातो. मग तुम्ही थांबणार का, असा प्रश्न या आयतींनी विचारला, तेव्हा आम्ही थांबलो, अशी कबुली हजरत उमर (रजि.) यांनी दिली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर एवढेही सांगितले की, ये, जुगार खेळू, असे जो नुसते म्हणेल त्यानेही सदका द्यावा (बुखारी, मुस्लिम).

ख्रिस्ती परंपरेतील दोन प्रवाह

बायबलमध्ये जुगाराला नाव घेऊन मनाई करणारी थेट आज्ञा नाही. तथापि दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, घामाची भाकर खावी आणि द्रव्यलोभ हे अनेक अनर्थांचे मूळ होय, या शिकवणीतून ख्रिस्ती विचारवंतांनी आपली भूमिका घडविली. आरंभीच्या शतकांत ती फार कठोर होती. इ.स. ३०५च्या सुमारास स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने पैसे लावून फासे खेळणाऱ्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावे आणि तो सुधारल्यास वर्षानंतर परत घ्यावे, असा नियम केला.

पुढे दोन प्रवाह स्पष्ट झाले. रोमन कॅथोलिक शिकवण मोजून-मापून निर्णय देते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार (परिच्छेद २४१३) नशिबाचा खेळ किंवा पैज स्वतःहून न्यायाविरुद्ध नाही. मात्र तिच्यामुळे स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचा पैसा हिरावला गेला तर ती अनैतिक ठरते, तिचे व्यसन ही गुलामगिरी होऊ शकते आणि फसवणूक हा गंभीर अपराध आहे. म्हणूनच अनेक कॅथोलिक मेळाव्यांत हाउजी किंवा सोडत दिसते. परंतु याच चर्चमधील लोकांनी गोव्यात मांडवी नदीतील कॅसिनोंविरुद्ध आवाज उठविला आहे, हेही विसरता कामा नये.

प्रोटेस्टंट प्रवाह अधिक कडक आहे. नगरमध्ये १८३१ पासून काम करणारे अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या ज्या परंपरेतून आले, तिच्या मुळाशी प्युरिटन विचार होता. चिठ्ठी टाकणे म्हणजे ईश्वराचा निर्णय मागणे, तेव्हा करमणुकीसाठी वा लोभासाठी तसे करणे ही ईश्वराची थट्टा होय, असे अनेक प्युरिटन धर्मपंडित मानीत. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी कमाईची मर्यादा सांगताना शेजाऱ्याचे नुकसान करून, जुगारातून, धन मिळवू नये असे शिकविले.

म्हणून ‘ख्रिश्चनांत जुगार चालतो’ असे सरसकट म्हणणे अज्ञानाचे व अन्यायाचेही आहे. शेजाऱ्याचा लाभ हा आपला तोटा आणि आपला लाभ हा त्याचा तोटा, ही जुगारातील मूळ विकृती दोन्ही धर्मांनी ओळखली आहे. फरक एवढाच की, कॅथोलिक शिकवण परिणाम पाहून सीमा आखते, तर इस्लाम दरवाजाच बंद करतो. लहान पैजेतून मोठी पैज जन्मते, आणि कोणाचे पाऊल कोठे घसरेल हे आधी सांगता येत नाही.

चिठ्ठी आणि जुगार यांतील भेद

चिठ्ठी टाकणे मात्र मुळात निषिद्ध नाही. हजरत मरयम (अ.) यांचे पालकत्व कोणाकडे जावे, हे लेखण्या टाकून ठरले (३:४४). प्रेषित मुहम्मद (स.) प्रवासाला निघताना कोणत्या पत्नीने सोबत यावे, हे चिठ्ठीने ठरवीत (बुखारी). ख्रिस्ती शास्त्रातही प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात मत्थियाची निवड चिठ्ठीनेच झाली आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानात सैनिक वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकतात, ते दृश्य मात्र निर्दयतेचे आहे. सर्वांचा हक्क समान असून केवळ क्रम किंवा निवड ठरवायची असेल तर तो ‘कुरआ’. पैसा लावून एकाच्या तोट्यावर दुसऱ्याचा लाभ ठरवायचा असेल तर तो ‘मैसिर’.

हा भेद आपल्या रोजच्या व्यवहाराला लावून पाहू.

बारा जणांनी दरमहा दोन हजारांची भिशी लावली आणि चिठ्ठीने पाळी ठरविली, तर प्रत्येक जण चोवीस हजार भरतो आणि चोवीस हजारच घेतो. येथे जुगार नाही. मात्र लिलावाच्या भिशीत गरजू माणूस कमी रक्कम उचलतो व उरलेली इतरांत वाटली जाते. तेथे व्याजाचा दोष येतो. ज्या ‘लकी ड्रॉ’ योजनेत नंबर लागलेला मोटारसायकल घेऊन पुढील हप्त्यांतून सुटतो, ती तर उघड जुगाराची आहे. अशा इनामी योजनांवर देशात १९७८च्या कायद्यानेही बंदी आहे.

यात्रेतील कुस्त्यांच्या हगाम्यात इनाम पंच कमिटी किंवा एखादा दाता देतो, पैलवान स्वतः काही लावीत नाहीत. ते बक्षीस आहे. परंतु क्रिकेट स्पर्धेत सर्व संघांची प्रवेश फी गोळा करून तीच विजेत्याला दिली जात असेल, तर ती पैजच होय. आमच्या तरुणांनी बक्षिसासाठी वेगळा देणगीदार शोधावा.

मटका, मोबाईलवरील पैशांची रमी, सामन्यावरील सट्टा यांविषयी तर शंकेला जागाच नाही. १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यापासून ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यापर्यंत शासनही त्यावर बंधने घालीत आले आहे. पण जे कायद्याने चालते ते सारे हलाल होत नाही. राज्याची लॉटरी १९६९ पासून कायदेशीर आहे. मोमिनसाठी ती तरीही मैसिरच आहे.

कुपनाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुपन घेऊ नये. पण रिकाम्या हातानेही परत पाठवू नये. पन्नासऐवजी शंभर रुपये द्यावेत आणि नम्रपणे सांगावे की, ही मुलांसाठी मदत आहे, सोडतीत आमचे नाव घालू नका. मुलालाही कारण समजावून सांगावे : दान करताना बदल्यात बक्षिसाची आशा धरली की दानाचे दानपण उणे होते. जे मांस वाटूनही अरबांचा जुगार हलाल झाला नाही, त्याचा धडा हाच आहे.

आणि ज्यांच्या घरात हे विष आधीच शिरले आहे, त्यांनी लाजेने लपवू नये. कांद्याची पट्टी, दुधाचा पगार किंवा मुलीच्या निकाहसाठी जमविलेली रक्कम मोबाईलवर रात्रीत उडालेली असेल, तर आधी खेळ थांबवावा, पत्नीला व वडीलधाऱ्यांना खरे सांगावे, कर्जाचा हिशेब लिहून काढावा आणि तौबा करावी. जिंकलेला पैसा हाती असेल तर ज्याचा त्याला परत करावा. मालक सापडत नसेल तर पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावा. घरच्यांनीही टोमणे मारून त्याला पुन्हा त्याच मित्रांकडे ढकलू नये.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजीवर समाधान देवो, आपल्या मुलांना या सापळ्यापासून वाचवो आणि शेजाऱ्यांशी उत्तम वर्तन करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.