नवव्या सिंफनीतील मानवी स्वर

जर्मन भाषेचे एक अक्षरही न कळणाऱ्या माझ्यासारख्याचा कंठ बेथोव्हेनची नववी सिंफनी ऐकताना का दाटून यावा? मला वाटते, याचे कारण प्रतीक्षेत आहे. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात ती प्रथम सादर झाली, तेव्हा तिचा कर्ता जवळजवळ पूर्ण बहिरा होता. सिंफनीत गायकवृंद आणणे हेच त्या काळी धाडस. त्यातही त्याने पहिले तीन भाग, म्हणजे सुमारे पाऊण तास, माणसाचा आवाज ऐकूच दिला नाही. चौथ्या भागात ती प्रसिद्ध चाल येते, तीही आधी खर्जातल्या तंतुवाद्यांवर, अगदी हळू. ही चाल बहुतांशी सा ते प या पाच स्वरांतच फिरते. उत्तनच्या चर्चमधील गायकांना काय किंवा भाईंदरच्या एखाद्या भजनी मंडळाला काय, ती सहज उचलता येईल! एकेक वाद्य तिच्यात मिसळत जाते, मग कर्कश कल्लोळ उठतो, आणि त्याला थोपवीत एकटा पुरुष गाऊ लागतो. बुवांचे ध्रुपद टाळकऱ्यांनी उचलावे, तसा गायकवृंद त्याच्या ओळी उचलतो. पाश्चात्त्य संगीत आपले नव्हे, असे म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी निदान एवढा भाग तरी ऐकावा. मात्र आधीचा पाऊण तास गाळू नये.